स्मरणरंजन आणि अन्विती : ‘अशी ही बनवाबनवी’ या चित्रपटाचा भाषिक विचार

१

बालपणी प्रिय झालेल्या कलाकृतीविषयी प्रौढ वयात मत देणे हे समीक्षेतील मोठे निसरडे काम होय. इतर कलाकृती आणि त्यांचा प्रेक्षक यांच्यामध्ये काही एक अंतर असते; येथे ते नसते. जी अभिरुची त्या कलाकृतीला जोखू पाहते, ती अंशतः त्या कलाकृतीनेच घडविलेली असते. साक्षीदारानेच न्यायासनावर बसावे, असा हा प्रकार आहे. ‘लहानपणी पाहिलेला तो चित्रपट आजही तितकाच चांगला वाटतो’ या विधानाकडे त्यामुळे कोणी कौतुकाने पाहतो, कोणी संशयाने. त्याची परीक्षा करण्याचे श्रम मात्र क्वचितच घेतले जातात. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी अशा कलाकृतीवर प्रबंधिका लिहावयास घेतो तेव्हा त्याच्यापुढे हीच अडचण उभी राहते. प्रेम लपवावे, तर विवेचन निर्जीव होते. प्रेम मिरवावे, तर विवेचनाचे स्तोत्र होते.

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द योहान्नेस होफर याने १६८८ साली बाझल येथे सादर केलेल्या वैद्यकीय प्रबंधात प्रथम घडविला. ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड असून, घरापासून दूर पडलेल्या माणसाला जडणाऱ्या रोगाचे ते नाव होते. पुढे रोग मागे पडला, आणि स्थळाच्या ओढीची जागा काळाच्या ओढीने घेतली. मराठीत या भावनेला ‘स्मरणरंजन’ असे नाव मिळाले आहे. हा शब्द मूळ शब्दाचे भाषांतर नव्हे. तो त्या भावनेची दुसरी बाजू सांगतो. एका शब्दात वेदना आहे, दुसऱ्यात रंजन आहे. समीक्षेच्या दृष्टीने मराठी शब्द अधिक सावध म्हटला पाहिजे; कारण रंजन नेमके कशाने होते, कलाकृतीने की स्मरणाने, हा प्रश्न त्याच्या घडणीतच दडलेला आहे.

हा प्रश्न एका निश्चित उदाहरणावर तपासून पाहणे इष्ट होईल. १९८८ साली प्रदर्शित झालेला ‘अशी ही बनवाबनवी’ हा चित्रपट त्यासाठी सर्वथा योग्य आहे. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पिढीने तो बालपणी चित्रपटगृहात, शेजाऱ्यांकडील व्हिडिओवर किंवा दूरदर्शनवर पाहिला. पुढे उपग्रह वाहिन्यांनी तो अनेक वेळा दाखविला. आणि अलीकडे त्यातील वाक्ये भ्रमणध्वनीवरील चित्रांतून नित्य फिरत असतात. लक्ष्मीकांत बेर्डे आणि सिद्धार्थ रे हे २००४ साली, तर सुधीर जोशी हे २००५ साली निवर्तले. त्यामुळे या चित्रपटाच्या स्मरणात शोकाचीही एक छटा मिसळली आहे. स्मरणरंजनाला याहून अनुकूल सामग्री मिळणे कठीण. म्हणूनच येथे कसोटी कडक लावावयास हवी.

२

या चित्रपटावरील प्रेमाचे तीन थर पाडता येतात. पहिला थर पाहण्याच्या प्रसंगाचा: कोणाच्या घरी पाहिला, कोण हसले, कोणती सुटी होती. हा थर सर्वस्वी चित्रपटाबाहेरचा असून त्याचे श्रेय चित्रपटाला देता येत नाही. दुसरा थर सामाईक उद्धरणांचा. चित्रपटातील वाक्ये घरोघर म्हणींसारखी वापरली जातात आणि ती ओळखणारा माणूस आपल्यातला ठरतो. या थरात चित्रपटाचे कर्तृत्व आहे खरे, परंतु वापर जसजसा वाढतो तसतसे वाक्य मूळ प्रसंगापासून सुटते आणि केवळ खूण होऊन राहते. तिसरा थर रचनेचा, म्हणजे कथानक, पात्रे आणि भाषा यांच्या घडणीचा. ‘आजही टिकतो’ हे विधान या तिसऱ्या थराविषयी खरे ठरले तरच त्याला समीक्षेत स्थान आहे.

चित्रपटाचे दिग्दर्शन सचिन यांचे, निर्मिती किरण शांताराम यांची आणि लेखन वसंत सबनीस यांचे. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटातून आलेली आहे. पुण्यात चौघा तरुणांना राहावयास जागा हवी आहे; जागा मिळते ती केवळ विवाहित जोडप्यांना; म्हणून दोघे पती होतात आणि दोघे पत्नी. परशुरामाची पार्वती होते, सुधीरची सुधा. धनंजय माने (अशोक सराफ) आणि शंतनू (सिद्धार्थ रे) हे पती. परशुराम (लक्ष्मीकांत बेर्डे) आणि सुधीर (सचिन) या पत्नी. आणि लीलाबाई काळभोर (नयनतारा) या घरमालकीण.

प्रहसनाचा पाया अनेकदा निव्वळ योगायोगाचा असतो. येथे तो तसा नाही. भाड्याच्या जागेची टंचाई ही त्या काळच्या शहरी जीवनातील अगदी खरी अडचण होती. १९४७ चा मुंबई भाडे अधिनियम तेव्हा लागू होता. भाडे बांधलेले आणि भाडेकरूला काढणे दुष्कर, अशा स्थितीत मालक घरात कोणाला घ्यावयाचे याची आधीच कसून पारख करी, आणि एकट्या पुरुषाला या पारखीत उतरणे अवघड जाई. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० रोजी अमलात आला आणि कायद्याची चौकट बदलली. तथापि अविवाहितांना जागा नाकारण्याची रीत अजूनही शहरांतून आढळते. कथानकाचा हेतू म्हणूनच आजच्या विद्यार्थ्यालाही समजावून सांगावा लागत नाही. परंतु हेतू समजणे आणि हसू येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हसू कोठून येते, हे पाहण्यासाठी भाषेकडे वळले पाहिजे.

३

पुरुषाने स्त्रीचे सोंग घेतले, एवढ्याने कोणत्याही भाषेत थोडेफार हसू येते. साडी, चाल, आवाज ही सोंगाची सामग्री सार्वत्रिक आहे. बिली वाइल्डर यांचा ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९) किंवा सिडनी पोलॅक यांचा ‘टूट्सी’ (१९८२) या इंग्रजी चित्रपटांत सोंगाचा सारा भार या सामग्रीवरच पडतो. कारण इंग्रजीत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांत भेद नाही. एकदा आवाज साधला की इंग्रजी बोलणारा सोंगाड्या स्वतःविषयी हवे तेवढे बोलू शकतो. क्रियापद त्याला दगा देत नाही.

रोमान याकबसन यांनी १९५९ साली भाषांतरावरील आपल्या निबंधात एक महत्त्वाचा भेद दाखवून दिला. एखादी भाषा काय व्यक्त करू शकते यापेक्षा ती बोलणाऱ्याला काय व्यक्त करावयास भाग पाडते, यात भाषाभाषांतील खरा फरक असतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. मराठी ही बोलणाऱ्याला स्वतःचे लिंग सांगावयास भाग पाडणारी भाषा आहे. मात्र ती सर्वत्र भाग पाडीत नाही. काही प्रयोगांत व काळांत पाडते, काहींत मोकळीक देते. या सक्तीचा आणि मोकळिकीचा नकाशा थोडक्यात असा मांडता येईल.

वर्तमानकाळी एकवचनात धोका आहे: ‘मी करतो’, ‘मी करते’. अकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात धोका आहे: ‘मी गेलो’, ‘मी गेले’. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात मात्र कर्मणी प्रयोग होतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जाते. ‘मी भात केला’, ‘मी पोळी केली’ ही वाक्ये पुरुषाने उच्चारली काय किंवा स्त्रीने उच्चारली काय, सारखीच. भविष्यकाळ पूर्ण सुरक्षित: ‘मी करीन’. गरज वा इच्छा सांगणारी ‘मला जावयाचे आहे’ या धर्तीची रचनाही सुरक्षित. अनेकवचनाचा आश्रय घेतला तर ‘आम्ही जातो’, ‘आम्ही गेलो’ यांतूनही काही उघड होत नाही. याउलट ‘बोलणे’, ‘शिकणे’, ‘जेवणे’, ‘पिणे’, ‘विसरणे’ ही क्रियापदे मोठी कपटी आहेत. अर्थाने ती कर्म घेऊ शकतात, पण भूतकाळात कर्त्याचीच बाजू धरतात. ‘मी विसरलो’ असे म्हणणारी पार्वती आपण काय विसरलो हे त्या क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरात सांगून टाकील.

या नकाशाची हिंदीशी तुलना उद्बोधक आहे. हिंदीत भविष्यकाळही निर्धोक नाही; ‘करूँगा’ आणि ‘करूँगी’ यांत भेद आहेच. उलट तेलुगूत उत्तम पुरुषाच्या क्रियापदात लिंगभेद होत नाही. तृतीय पुरुषात मात्र होतो. ‘अशी ही बनवाबनवी’वरून तेलुगूत ‘चित्रं भळारे विचित्रं’ (१९९१) हा चित्रपट निघाला. तेथे सोंग घेतलेल्याला स्वतःविषयी बोलताना भीती नाही. भीती आहे ती त्याच्याविषयी दुसऱ्याने बोलताना. कथा एकच असली तरी प्रत्येक भाषेत पाय घसरण्याची जागा वेगळी आहे. एका भाषेतील प्रहसन दुसरीत नेताना प्रसंग नेता येतात. या जागा नेता येत नाहीत.

मराठीच्या अंतर्गतही हा नकाशा सर्वत्र सारखा नाही. कोल्हापूर भागात स्त्रियांच्या बोलण्यात ‘मी जातो’, ‘मी आलो’ अशी रूपे सहज ऐकू येतात. त्या बोलीत पार्वतीच्या तोंडी पुल्लिंगी क्रियापद आल्याने कोणाच्याही भुवया उंचावल्या नसत्या. कथा पुण्यात घडते ही बाब म्हणूनच निव्वळ पार्श्वभूमीची राहत नाही. ज्या प्रमाण बोलीत स्त्रीपुरुषांची क्रियापदे काटेकोरपणे वेगळी राखली जातात, त्या बोलीच्या अंगणात हे सोंग उभे केले आहे.

याला संबोधनांची जोड मिळते. मराठीत कोणाला हाक मारावयाची तर ‘अरे’, ‘अगं’, ‘अहो’ यांतून निवड करावी लागते, आणि त्या एका अव्ययात समोरच्याचे लिंग, नाते व मान ही सारी बांधलेली असतात. चार मित्रांचे आपसांतील बोलणे ‘अरे’चे, सोंगातील पतिपत्नींचे बोलणे ‘अगं’ आणि ‘अहो’चे. दार उघडे आहे की बंद, खोलीत तिऱ्हाईत आहे की नाही, यावर हे अव्यय क्षणात बदलावे लागते. कथेतील प्रत्येक प्रवेश आणि निर्गमन अशा रीतीने व्याकरणाची एक परीक्षा होऊन बसते.

४

या परीक्षेत धनंजय माने ज्या वाक्यात नापास होतो ते वाक्य मराठी प्रेक्षकाला सांगण्याची गरज नाही. आपल्या मित्राची ‘पत्नी’ म्हणून ओळख करून देताना तो ‘बायको’ या स्त्रीलिंगी नामाला पुल्लिंगी दर्शक सर्वनाम आणि पुल्लिंगी स्वामित्वदर्शक विशेषण लावतो. सोंग घेतलेला गडी आपले काम नीट करीत असताना, सोंग न घेतलेलाच चुकतो, ही या वाक्यातील पहिली गंमत. परंतु ते इतके टिकले त्याचे कारण अधिक खोल आहे.

नामसमूहातील अन्विती नामाच्या लिंगावरून ठरते, असा मराठीचा नियम आहे. येथे ती समोर उभ्या असलेल्या व्यक्तीच्या लिंगावरून ठरली. म्हणजे बोलणाऱ्याच्या मनातील ज्ञानाने व्याकरणाला बाजूस सारले. परिणामी एकाच नामसमूहाचे दोन तुकडे होतात. नाम खोटे बोलते, विशेषणे खरे बोलतात. शिवाय मराठीत विशेषणे आधी आणि नाम नंतर, असा क्रम असल्यामुळे खरे आधी बाहेर पडते आणि खोटे त्याच्या मागून धावत येते. ज्या भाषांत नाम आधी आणि विशेषण नंतर येते, त्यांत हेच वाक्य उलटे झाले असते. थाप प्रथम आणि कबुली नंतर. मराठी वाक्यात कबुली देऊन झाल्यावर थाप मारली जाते. ती थाप जागच्या जागी हास्यास्पद ठरते.

‘बायको’ हा शब्दही येथे मोठा सोयीचा आहे. ‘घोडी’, ‘मुलगी’ यांच्याप्रमाणे त्याच्या अंती लिंगाची नेहमीची खूण नाही. त्याचे स्त्रीलिंग अर्थात आहे, रूपात नाही. रूपाने ते जाहीर करण्याचे काम दर्शक सर्वनामावर आणि विशेषणावर येऊन पडते. आणि तीच फितूर होतात.

व्हिक्टोरिया फ्रॉम्किन यांनी १९७१ साली दाखवून दिल्याप्रमाणे बोलण्यातील चुका या गोंधळ नसून भाषेच्या अंतर्गत रचनेचा पुरावा असतात. धनंजयची चूक लेखकाने हेतुतः रचलेली असली तरी ती खऱ्या चुकीच्या नियमाने रचलेली आहे. घाबरलेला मराठी माणूस अगदी अशाच जागी चुकेल, हे प्रेक्षकाच्या कानाला पटते. विनोदी लेखनात कृत्रिम शब्दविकृती अमाप आढळते आणि तिचे हसू एका पिढीत विरते. भाषेच्या सांध्यावर नेमके बोट ठेवणारी चूक दुर्मिळ असते.

सबनीसांच्या ठायी ही नेमकी नजर कोठून आली, याचा धागा त्यांच्या लोकनाट्यापर्यंत नेता येतो. ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या त्यांच्या वगात तमाशातील बतावणीची परंपरा आहे. एकाने शब्द टाकावा, दुसऱ्याने त्याचा भलता अर्थ धरून तो परत फेकावा, ही तिची रीत. चित्रपटात घरमालक विश्वासराव सरपोतदार (सुधीर जोशी) आपल्या सत्तर रुपयांची चौकशी करतात तेव्हा धनंजय त्या रुपयांना माणसाच्या मृत्यूचे क्रियापद लावतो, ते याच रीतीने. तेथेही व्याकरण लेखकाच्या मदतीला धावले आहे. ‘वारणे’ हे क्रियापद माणसालाच, तेही बहुधा आदराने, लावले जाते. आदरार्थी अनेकवचन आणि संख्येचे अनेकवचन यांचे मराठीत एकच रूप होते. गृहस्थ ‘वारले’, आणि रुपयेही त्याच रूपात ‘वारले’. सत्तर रुपये अनेक आहेत म्हणून की ते आदरणीय आहेत म्हणून, हे रूपावरून सांगता येत नाही. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. म्हणूनच त्याला आक्षेप घेणे त्या घरमालकालाही कठीण जावे.

स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांची मराठी रंगभूमीवर मोठी परंपरा आहे. तिचे शिखर म्हणजे बालगंधर्व (१८८८–१९६७). त्या परंपरेतील सोंग प्रेक्षकाने पुरुष विसरावा यासाठी होते, आणि तेथे क्रियापद कधी चुकत नसे. सबनीसांनी तेच सोंग उलटे वापरले. येथे पात्रांनी फसावे. प्रेक्षकाने मात्र क्षणभरही पुरुष विसरू नये. गंधर्वांच्या सोंगाला व्याकरणाने आधार दिला. या सोंगाला व्याकरण सारखे उघडे पाडू पाहते.

५

एवढ्यावरून हा चित्रपट सर्वांगी निर्दोष आहे, असे म्हणता येणार नाही. स्मरणरंजन जे झाकते ते येथे उघड मांडले पाहिजे.

पहिला दोष स्त्रीपात्रांच्या बाबतीत. माधुरी, मनीषा, सुषमा, कमळी या चौघी चार नायकांना जोडीदार मिळावा म्हणून आहेत. भाषेचा सारा खेळ पुरुषांच्या हाती आहे; स्त्रियांनी तो ऐकावयाचा, फसावयाचे आणि शेवटी क्षमा करावयाची. स्त्रीच्या वेषात दीर्घ काळ वावरूनही सुधीर किंवा परशुराम यांना स्त्रीच्या जगण्याविषयी काही नवे उमगल्याचे चिन्ह नाही. ‘टूट्सी’चा नायक स्त्रीच्या सोंगात आपल्याच वागणुकीकडे वळून पाहू लागतो, तेवढी वाट हा चित्रपट चालत नाही. बनावट डोहाळजेवणाचा प्रसंग हसवितो, परंतु गरोदरपण हा निव्वळ सोंगाचा विस्तार होऊन राहतो.

दुसरा दोष गाण्यांच्या चित्रणाचा. ते त्या दशकाच्या हिंदी चित्रपटाच्या चालीवर गेले असून, त्या वेळी जे दिमाखदार वाटले तेच आज सर्वांत जुने वाटते. संवादांची वाक्ये टवटवीत राहावीत आणि वेशभूषेने म्हातारे व्हावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. चित्रपटात जे फॅशनकडून उसने घेतले ते फॅशनबरोबर गेले. जे भाषेकडून घेतले ते राहिले.

तिसरा दोष चित्रपटाचा नव्हे, त्याच्या स्वीकाराचा. उद्धरणाच्या अतिरेकाने धनंजयच्या त्या वाक्याचे नुकसान झाले आहे. प्रसंगाबाहेर काढल्यावर ते ‘कसेतरी चुकीचे मराठी’ एवढ्या अर्थाने वापरले जाते. त्यातील भीती, घाई आणि अनवधानाने दिलेली कबुली गळून पडते. भाषेची चूक म्हणजे अडाण्याची खूण, अशी एक समजूत मराठी समाजात फार जुनी आहे. आणि हे वाक्य त्या समजुतीच्या सेवेला जुंपले जाते. वस्तुतः ते अडाण्याचे वाक्य नाही. मराठी ज्याला पुरी येते आणि ज्याला त्या क्षणी सत्यही पुरे ठाऊक आहे, तोच ते बोलू शकतो. स्मरणरंजन कलाकृतीवर प्रेम करता करता तिला असे खुजे करते.

६

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे परतता येईल. बालपणी जडलेले प्रेम ही साक्ष म्हणून ग्राह्य धरावी की नाही?

अभिरुची वयाबरोबर बदलते. दहाव्या वर्षी जी वेशभूषा, जी गाणी, जे प्रेमप्रसंग आवडले त्यांविषयी त्या वयाची साक्ष ग्राह्य नाही, आणि वर दाखविल्याप्रमाणे फेरतपासणीत ती टिकतही नाही. परंतु माणसाची एक शक्ती अशी आहे की जी बालपणीच जवळजवळ पूर्ण झालेली असते; ती म्हणजे मातृभाषेतील रूपांची जाण. मराठी घरात वाढणारे मूल शाळेत जाऊ लागण्यापूर्वीच लिंगाची अन्विती बहुतांशी आत्मसात करते. ‘हा’ आणि ‘ही’ यांतील भेद त्याला कोणी शिकविलेला नसतो. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) त्याने पाहिलेलेही नसते. तरी रूप चुकले की कानाला ते तत्काळ खुपते. दहा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी धनंजयच्या त्या वाक्याला हसली तेव्हा ते हसणे पोरकट नव्हते. प्रौढ भाषकाच्या पूर्ण अधिकाराने केलेला तो निवाडा होता. त्याची कारणे सांगता येत नव्हती, इतकेच.

या चित्रपटापुरते तरी साक्षीदार आणि न्यायाधीश एकच असण्यात दोष उरत नाही. कारण ज्या मुद्द्यावर साक्ष घ्यावयाची त्या मुद्द्यावर तो साक्षीदार बालपणीही सज्ञान होता. प्रौढ प्रेक्षक पुन्हा त्याच जागी हसतो तेव्हा त्याला बालपण आठवत असेलही; परंतु हसू त्या आठवणीचे नसते, त्याच क्षणी कानाने नव्याने पकडलेल्या विसंवादाचे असते. ‘आजही टिकतो’ या विधानाला येथे निश्चित अर्थ प्राप्त होतो. चित्रपटाचा जो भाग भाषेच्या जिवंत नियमांवर उभा आहे तो टिकतो, आणि तो नियम जिवंत असेपर्यंतच टिकतो.

या निष्कर्षाचा दुसरा भाग पहिल्याइतका सुखद नाही. ज्या घरांत मराठी केवळ ऐकली जाते आणि बोलली जाते ती दुसरी भाषा, तेथील मुलांच्या मराठीत लिंगाची अन्विती डळमळताना दिसते. परदेशांतील मराठी कुटुंबांत हे घडते, तसेच इतर भाषांच्या दाट सहवासातील शहरी घरांतही घडते. भाषासंपर्काच्या अभ्यासकाला यात नवल वाटणार नाही. बोली अशाच बदलत आल्या आहेत, आणि कोल्हापूरच्या स्त्रियांची क्रियापदेही प्रमाण बोलीच्या वाटेने गेली नाहीतच. बदलाला दोष देणे हे समीक्षेचे काम नव्हे. परंतु ज्या कानाला ‘हा’ आणि ‘ही’ सारखेच वाटतात, त्या कानासाठी धनंजय माने चुकलेलाच नाही. असा प्रेक्षकही हसतो. मात्र घरातील वडीलधारे त्या जागी हसतात हे ठाऊक असल्यामुळे हसतो. तेव्हा उरते ते निव्वळ स्मरणरंजन, आणि तेही दुसऱ्याच्या स्मरणाचे.

बालपणीच्या कलाकृतींवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला यातून एक साधी पद्धत मिळू शकते. आपले प्रेम बाजूस ठेवण्याचा आटापिटा त्याने करू नये. ते प्रेम कलाकृतीच्या कोणत्या भागावर जडले आहे हे शोधावे. त्या भागाविषयी निवाडा करण्यास लागणारी शक्ती त्या वयात आपल्या ठायी होती का, असे स्वतःस विचारावे. आणि शेवटी ती कलाकृती, काहीही न सांगता, अशा नव्या प्रेक्षकापुढे ठेवावी की ज्याला तिची कोणतीही आठवण नाही, पण तिची भाषा पुरती येते. तो त्याच जागी हसला, तर प्रेम खरे होते.